करवतीचे दात

बाबूजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे. आधी त्याच्या कपड्याला हात लावायचे. कोणी भेटायला आलं, की त्याच्या सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा दोन बोटांत धरायचे, अंगठ्यानं एकदा चोळायचे आणि मग म्हणायचे, "कसं काय जी?" बाई असली तर पदराचं टोक धरायचे. आईला ते फार लागायचं, पण आंधळगावात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. नत्थूजीच्या, म्हणजे बाबूजींच्या, दारावरून जाताना नव्या सुना स्वतःहून पदर पुढे करायच्या. बाबूजी चोळून पाहायचे, "चांगला आहे" किंवा "धुताना जपजो" म्हणायचे आणि आत मागावर जाऊन बसायचे.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना पहिल्यांदा डायलिसिसला नेलं, तेव्हा तरुण डॉक्टर त्यांच्यावर वाकला. बाबूजींनी त्याच्या पांढऱ्या कोटाची कड धरली.

"टेरीकॉट आहे," ते मला म्हणाले. "गरम होत असंल पोट्ट्याले."

डॉक्टरला हसू आलं. ते आवरून त्यानं सांगितलं, की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत, आठवड्यातून दोनदा यावं लागेल, आणि किती दिवस ते सांगता येत नाही. बाबूजींनी मान हलवली आणि पलंगावरच्या चादरीची कड चोळून पाहायला लागले.

मी चिडलो. मी लवकर चिडतो, हे तुमसरच्या बाजारात कोणालाही विचारा. इथं मी यांच्या जिवासाठी एवढ्या फेऱ्या घालतोय आणि हा माणूस चादरीची वीण तपासतोय. शिवाय चिडण्याचं आणखी एक कारण होतं, ते आधीच सांगून टाकतो. साऱ्या गावाच्या कपड्याला हात लावणाऱ्या ह्या माणसानं माझ्या कपड्याला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

बाबूजी कोशाची, म्हणजे रानरेशमाची, लुगडी विणायचे, करवती काठाची. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. लुगड्याचं अंग कोशाचं, मधाच्या रंगाचं, आणि काठ सुताचा, तांबडा नाहीतर जांभळा. अंग आणि काठ जिथं भेटतात तिथं सरळ रेघ नसते. करवतीसारखे दात असतात. ते दात छापलेले नसतात, शिवलेले नसतात. विणताना काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत, एक घर पुढे एक घर मागे करत पाडावे लागतात. त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात. दोन हातांना तीन धोटे झेपत नाहीत, म्हणून मागावर दोन माणसं बसतात. विणकर पाय खड्ड्यात सोडून मधे, आणि दुसरा त्याच्या डाव्या हाताला, काठाचा धोटा फेकायला. दोघांचा हात एकसारखा चालला तरच दात एकसारखे पडतात.

त्यांना भाव करता यायचा नाही. करता यायचा नाही म्हणजे काय, त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. नागपूरचे व्यापारी यायचे, लुगडं उलटंपालटं करायचे, नाक मुरडायचे. बाबूजी एकदाच किंमत सांगायचे. व्यापाऱ्यानं कमी सांगितली, की ते लुगडं हळूच त्याच्या हातातून घ्यायचे, घडी घालायचे आणि विचारायचे, "चा घेता का?"

संपलं. चहा विचारला म्हणजे सौदा मोडला. ज्याला माहीत होतं तो व्यापारी घाईघाईनं म्हणायचा, "अजी नत्थूजी, चहा नको, चहा नको, तुमच्या भावात द्या." नवीन माणूस बिचारा चहा प्यायचा आणि रिकाम्या हातानं जायचा. असा चहा पिऊन गेलेली किती गिऱ्हाइकं मी दारात उभं राहून पाहिली आहेत! दोन शब्द जास्त बोलले असते तर माल खपला असता. मी जो पुढे भाव करायला शिकलो, एकेका पैशासाठी समोरच्याला घाम फोडायला शिकलो, तो ह्या चहाचा राग.

आणखी एक सवय होती. विणता विणता ते मधेच उठून जायचे. काही बोलायचे नाहीत. धोटा ठेवायचे, खड्ड्यातून वर यायचे आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर जाऊन बसायचे. कधी घटकाभर, कधी दुपारभर. आई आम्हा भावांना दबक्या आवाजात सांगायची, "उठले तुमचे बाबूजी. तिकडं जाऊ नका." आम्ही समजायचो, की घरात कोणाचं तरी चुकलंय. मग केव्हातरी ते आपले आपण परत यायचे आणि पुन्हा ठक्‌ठक्‌ सुरू व्हायची. त्यांना कोणी बोलवायला जात नसे.

आता माझी गोष्ट. लांबवत नाही.

मी सातवीत होतो. त्याआधी दोन वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला बसत होतो आणि माझा हात बसला होता, असं मला वाटत होतं. एका दुपारी विणता विणता बाबूजी थांबले. काठावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ऊठ." मी उठलो. "गजूले पाठव."

गजू माझा धाकटा भाऊ. तो जाऊन माझ्या जागेवर बसला, आणि पुढे बारा वर्षं बसला; त्याच्यानंतर आई. मला पुन्हा कोणी "बस" म्हटलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी तयार लुगडी घरच्या जुन्या सायकलच्या कॅरिअरला बांधून मोहाडीच्या बाजाराला गेलो. विकून आलो, चांगल्या भावात. मग तुमसर, मग बपेऱ्यापर्यंतचे आठवडी बाजार, मग तुमसरला टपरीएवढं दुकान, आणि आता दोन गाळ्यांचं मोठं. सगळं माझ्या तोंडाच्या जोरावर. आणि सगळ्याच्या तळाशी तो एक शब्द. ज्यानं मला उठवलं त्यानं एकदा येऊन पाहावं, मी कुठे बसलोय ते, असं मला वाटायचं. बाबूजी दुकानात कधी आले नाहीत. उद्घाटनालासुद्धा आले नाहीत. मागावर ताणा चढवलेला होता म्हणे.

किडनीचं निघालं तेव्हा गजू नागपूरला कंपनीत होता. फोनवर म्हणाला, "दादा, तुह्याजवळ गाडी आहे." म्हणून मंगळवार आणि शनिवार माझ्या वाट्याला आले. तुमसरहून आंधळगाव, तिथून बाबूजींना घेऊन मोहाडी, वरठी, भंडारा. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर मी सेवेसाठी जात नव्हतो. मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती, मला कशासाठी उठवलं ते. आणि उत्तर देऊ शकणारा एकुलता एक माणूस आठवड्यातून दोनदा माझ्या डोळ्यांसमोर थोडा थोडा कमी होत चालला होता.

पण विचारायचं कसं? आम्ही दोघं कधी बोललोच नव्हतो. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत आमच्यात जेवढं बोलणं झालं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. एकदा मी त्यांना गाडीचा पट्टा लावून दिला, तर त्यांनी तो पट्टा चोळून पाहिला. उलटा करून पाहिला. मोहाडीपर्यंत हातातून सोडला नाही.

"कोणं विणला?"

"मशीननं, बाबूजी."

"मशीन चालवणारा चांगला आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून विणकरासाठी इतकी मोठी शाबासकी मी पहिल्यांदा ऐकली. मिळाली कोणाला, तर गाडीच्या पट्ट्याला.

दवाखान्याच्या दारात एक म्हातारी बाई सफरचंदं घेऊन बसायची. बाबूजींना केळी बंद होती, सफरचंद थोडं चालायचं. मी तिच्याशी भाव करायला लागलो, की बाबूजी गाडीतून हाक मारायचे, "सुधाकर! देऊन राहिली त्या भावात घे, नाही तर चाल." ती बाई दात काढून मला हसायची. पुढे पुढे ती मी दिसलो की आधी गाडीत बाबूजी आहेत का ते पाहायची आणि मग भाव सांगायची. मी आयुष्यात कोणाकडून इतकी महाग सफरचंदं घेतली नसतील.

डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हाताच्या दोन शिरा जोडल्या होत्या. ती जागा फुगून आली होती, मनगटाच्या वर. त्या हातानं वजन उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणजे माग बंद. घरी मागावर एक लुगडं अर्धवट होतं, ते तसंच राहिलं. पण एका शनिवारी मशीनला लावण्याआधी ते पलंगावर बसले होते, आणि मी पाहिलं, तर डावं मनगट कानाला लावून ऐकत होते. घड्याळ चालतंय का ते पाहावं, तसं.

"काय झालं? दुखते का?"

"इकडं ये."

मी गेलो. त्यांनी माझी दोन बोटं धरून त्या फुगलेल्या जागेवर ठेवली. आत थरथर होती. बारीक, सारखी, न थांबणारी. मी दचकून हात मागे घेतला.

"थांब ना गा," ते म्हणाले आणि बोटं पुन्हा धरून ठेवली. "माग चालू आहे. आयकून पाय."

मी वाकलो आणि त्यांच्या मनगटाला कान लावला. घूं घूं असा आवाज येत होता. शेजारच्या पलंगावरचा माणूस आमच्याकडे पाहत होता. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि बापाच्या इतक्या जवळ माझं डोकं त्याआधी कधी गेलं होतं, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या अंगाला खळीचा वास येत होता. माग बंद होऊन दोन महिने झाले होते, तरी.

त्या दिवसापासून ते थोडं बोलायला लागले. म्हणून मी एक धाडस केलं. एका मंगळवारी परत येताना गाडी आंधळगावकडे वळवलीच नाही, सरळ तुमसरला नेली आणि दुकानासमोर उभी केली. म्हटलं, "दहा मिनिटं बसा, मग जाऊ."

ते आत आले. मी त्यांना गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, चारही भिंतींना लागलेली कपाटं पाहिली. मी वाट पाहत होतो. ते काही बोलणार तेवढ्यात एक बाई आल्या, बरोबर लग्नाची मुलगी. त्यांना कोसा पाहिजे होता. माझ्या नोकरानं पाच-सहा साड्या उलगडल्या आणि सवयीनं म्हणाला, "एकदम प्युअर, ताई."

बाबूजी उठले. हळूहळू त्या साड्यांपाशी गेले. पहिली चोळली. दुसरी चोळली. त्या बाईंना म्हणाले, "माचीस आहे का जी?"

"कायले, बाबा?"

"जाळून पाहा. कोसा जळला का केसासारखा वास येते. हा पिघळंल. गोळी होईल त्याची." मग नोकराकडे वळून, अगदी मायेनं, "तुले कोणं सांगतलं बाबू, हा कोसा आहे म्हणून?"

नोकरानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून हसत होती. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बाई निघून गेल्यावर जे बोललो ते मात्र आठवतं, कारण समोरच्या मिठाईवाल्यालाही ते ऐकू गेलं होतं. वीस वर्षं ह्या दुकानात पाय टाकला नाही, आणि टाकला तो गिऱ्हाईक पळवायला! बाबूजी सगळं ऐकून घेत होते. मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "चा सांग."

हे इथंच संपवायला पाहिजे, पण पुढच्या आठवड्यात ती बाई परत आली. बरोबर नणंद, जाऊ आणि आणखी दोघी. दारातूनच म्हणाली, "ते बुढे बाबा कुठी आहेत?" ते नाहीत म्हटल्यावर पाचही जणी परत गेल्या. ह्याचा राग मला अजून आहे.

पण दुकानात हे भांडण झालं त्या दिवशी गाडीत बसताना मी तापलेलो होतो, आणि तापलो की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. मोहाडीच्या आधी मी ते विचारून टाकलं. चांगल्या शब्दांत विचारायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

"मले मागावरून कायले उठवलं होतं?"

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. "कधी?"

"कधी म्हणजे? मी सातवीत होतो! तुमी म्हणलं, ऊठ, गजूले पाठव!"

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच केला. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"नाही आठवत, गा," ते म्हणाले.

त्यापेक्षा त्यांनी "तुझ्यानं होत नव्हतं" म्हटलं असतं तर चाललं असतं. ज्या शब्दावर मी अख्खा जन्म बांधला, तो त्यांच्याकडे शिल्लकच नव्हता. मी त्यांना घरी सोडलं, आईनं पाणी पुढे केलं ते घेतलं नाही, आणि निघून आलो. शनिवारी जाताना बोललो नाही, येताना बोललो नाही. त्यांनीही चार वेळा माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. दोघंही एकाच मातीचे.

मंगळवारी सकाळी बाबूजी तयार व्हायचे होते. मी अंगणात उभा होतो. आईनं चहा आणून दिला आणि विचारलं, "काय झालं तुमच्या दोघाचं?" मी सांगितलं. सांगता सांगता पुन्हा तापलो. आई ऐकत राहिली आणि मग कपाळावर हात मारून म्हणाली, "तू त्याहिले सातवी कायले सांगतं? त्याहिले सातवी कशी समजंल? तुह्या जन्माचं विचार, तर म्हणतील अंजिरी काठाचं लुगडं मागावर होतं. माही सासू गेली ते जांभळ्या काठाच्या टायमाले. लुगडं सांग ना त्याहिले, लुगडं!"

मी तसाच उभा राहिलो. ह्या घरात जन्माला आलो, दोन वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसलो, कापड विकून पोट भरतो, आणि हे मला माहीत नव्हतं.

त्या दुपारी मागावर कोणतं लुगडं होतं ते आठवत मी गाडी काढली, आणि आंधळगावची वेस ओलांडली तसं म्हणालो, "बाबूजी, तांबड्या काठाचं. दिघोरीवाल्याच्या पोरीच्या लग्नाचं."

ते खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांकडे पाहत होते. मान वळली.

"त्याचे डावीकडचे दात ओढले होते," ते लगेच म्हणाले. "पदराजवळ. हातभर तरी ओढलं होतं."

"डावीकडं मी बसत होतो."

"हाव, तूच होता. तुले राग आला होता त्या दिवशी. सायकल पाहिजे होती तुले."

सायकल! ते मी साफ विसरलो होतो. नवी सायकल पाहिजे म्हणून मी सकाळपासून जेवलो नव्हतो.

"राग आला का हात ओढते," बाबूजी म्हणाले. "धागा ताणून बसते. हात ओढला का काठ गोळा होते, दात आकसतात. म्हणून म्हणलं, ऊठ."

"आन् गजूले बसवलं."

"लगन चार दिवसावर होतं. दुसरा हात पाहिजे ना गा."

"मग मले परत काहून नाही बसवलं?"

"तू आलाच नाही."

"तुमी बोलावलं नाही!"

"मी बी उठत होतो," ते म्हणाले. "माहा हात ओढला का मी बी उठतो. लिंबाखाली बसतो, राग उतरला का येतो. मले कोणी बोलवत होतं का?" मग ते म्हणाले, "ऊठ म्हणलं होतं मी. जा नव्हतं म्हणलं. दुसऱ्या दिवशी गजूले बसवलं नाही सकाळी. म्हटलं, तू येशीन. तुही माय म्हणे, तो मोहाडीले गेला."

मी गाडी बाजूला घेतली. समोरचं नीट दिसत नव्हतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर, मोटरसायकली जात होत्या. मला भांडायचं होतं. बारा वर्षांच्या पोराला हे कसं कळणार होतं, एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं, हे सगळं तोंडाशी आलं होतं. आणि ते बरोबरच होतं, आजही मला ते बरोबरच वाटतं. पण मी इंजिन बंद केलं. बाबूजींनी पट्टा चाचपला, सोडायला गेले, त्यांना तो जमला नाही. मग पुढे रस्त्याच्या कडेला एक टपरी होती तिकडे बोट दाखवून म्हणाले, "चा घेतं का?"

आम्ही एक कप घेतला. त्यांना पाणी मोजून होतं, म्हणून दोन घोट त्यांचे, बाकीचा माझा.

त्यानंतरच्या रविवारी मी कारण नसताना आंधळगावला गेलो. दुपार होती. बाबूजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. आई दारात उभी राहून बोलत होती, "आयकतच नाही, डॉक्टरनं सांगतलं तरी आयकत नाही." ते उजव्या हातानं धाग्यांवरची धूळ झटकत होते. मी आत गेलो. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बस."

मी बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पोट मधे येत होतं, पॅन्ट गुडघ्यात अडकत होती. त्यांच्या डाव्या हाताची ती जागा माझ्यासाठी लहान झाली होती. त्यांनी काठाचा धोटा माझ्या हातात दिला. पहिल्या दहा ठोक्यांत मी तीनदा चुकलो. त्यांनी तीनदा धागा मागे काढला. मग कुठूनतरी हाताला आठवायला लागलं. ते धागा दाबणाऱ्या फणीचा ठोका हलकाच देत होते, उजव्या हातानं, आणि मधे मधे दम घ्यायला थांबत होते. चार बोटं विणून झाल्यावर त्यांनी माझ्या बाजूच्या काठावरून अंगठा फिरवला.

माझं सगळं अंग कान झालं होतं.

"ओढला का?" मी विचारलं.

"थोडा." आणि पुन्हा ठोका दिला.

आणखी दोन बोटं झाली. मग ते थांबले. धोटा ठेवला. "आता माहाच हात ओढून राहिला," ते म्हणाले. "तू बस. मी उठतो."

त्यांनी उठण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घेतला. वर आले, उभे राहिले, पण हात लगेच उचलला नाही. दोन बोटांत माझ्या शर्टाची कॉलर धरली. अंगठ्यानं चोळली. उलटी करून चोळली.

"सुती म्हणून देल्ला का हा?"

"हाव. शंभर टक्के सुती." शर्ट माझ्याच दुकानातला होता.

"कोणं फसवलं गा तुले?" ते म्हणाले. आणि माझ्या खांद्याला धरूनच हसायला लागले. त्यांना हसताना दम लागत होता, तरी हसत होते.

त्यानंतर एक मंगळवार मिळाला. शनिवार मिळाला नाही. ते लुगडं मग आईनं आणि मी मिळून पुरं विणून मागावरून उतरवलं, तिला गुडघ्यानं बसवत नव्हतं तरी. डावा काठ कुठे कुठे गोळा झालाय, जाणकाराला दिसतो. नागपूरचा एक व्यापारी ते पाहायला आला होता. त्यानं किंमत विचारली, वाढवली, पुन्हा वाढवली. मी घडी घातली आणि म्हटलं, "चा घेता का?"

पण मला बाबूजी आठवतात ते त्या रविवारचे. ते भिंतीला धरत बाहेर गेले. मी खड्ड्यात उतरलो, त्यांच्या जागेवर. पायाखालची फळी त्यांच्या टाचेनं झिजून खोलगट झाली होती. आई आली, "सरक तिकडं, मी हाव ना," म्हणाली आणि माझ्या जुन्या जागेवर बसली. मी धोटा टाकला, ठोका दिला. पुन्हा टाकला. दारातून कडुनिंब दिसत होता आणि त्याखाली खाटेवर पाठमोरे बाबूजी. डावं मनगट कानाला लावून बसले होते. मला वाटलं, आपल्याच आतला माग ऐकतायत.

मी जोर लावून एक ठोका दिला. तिकडून, मागे वळूनही न पाहता, आवाज आला,

"सुधाकर! ओढून राहिला तू. ढील दे."